आबांचं प्रथिन

मी पास झालो आणि आबांची खाट गेली.

हे वाक्य खोडून टाका. असलं काही अजून घडलेलं नाही. खाट ओसरीत आहे, आबा खाटेवर आहेत आणि मी एमेस्सीच्या प्रकल्पात व्यवस्थित नापास होणार आहे.

प्रकल्प असा. आपल्या शरीरात एक प्रथिन असतं. ते तोंड उघडं ठेवून बसलेलं असतं. साखरेचा इवलासा रेणू आत येऊन बसला की दोन्ही बाजूंनी मिटतं. हे आकार बदलणं मॉडेल करून दाखवायचं. जळगावच्या आमच्या कॉलेजात यासाठी कॉम्प्युटर आला होता, पण त्याच्यावर झूल आणि खोलीला कुलूप. दसऱ्याला हार घालण्यापुरता उघडत.

म्हणून मी आजोबांची, म्हणजे रुपचंद आबांची, सुतळीची खाट मागितली. सांधे खिळखिळे, मधे वजन पडलं की दोन्ही लांब लाकडं आत झुकत. वर्षानुवर्षं तिच्यावर झोपून आबांच्या पाठीलाही तिचाच बाक आला होता. सपाट जमिनीवर आडवे झाले की ते होडीसारखे डुलत.

"संध्याकायले खाट घर येवाले पाह्यजे, निंबा. नहीते मी कोठे झोपू?" आबा म्हणाले, आणि माझ्यावर भरवसा नसल्याने स्वतःच सोबत निघाले.

पारोळ्याजवळच्या आमच्या फाट्यावर एस्टी धुळ्याहूनच भरून आली. खाट टपावर चढली, आबांना कोणीतरी जागा दिली. शेजारी एक भरदार गृहस्थ दांडीला धरून उभे होते. आबा आक्रसून बसले, तरी त्या गृहस्थांना जागा होईना. आबांना याची जळगावपर्यंत रुखरुख लागली.

प्रयोगशाळेत तेच गृहस्थ आले. बाह्य परीक्षक, निर्मलकुमार सर.

मित्र कौतिकने सुतळीचा ताण सैल केला. मी साखरेचा रेणू म्हणून खाटेत गुळाची ढेप ठेवली. खाट कुरकुरली आणि थांबली.

"मिटलं नाही," सर म्हणाले.

"साखर कमी पडली, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आबा कोपऱ्यातून पुढे आले.

"सायेब, गाडीमा बी तुम्ही उभाच व्हतात. बठा ना. खाट शे आपली."

सरांचे पाय भरून आलेले. ते बसले.

खाट मिटली. गुडघे हनुवटीला, लाकडं दोन्ही कानांना. सर गुळासकट आत.

"पाहा, सर!" मी छडी उचलली. "रेणू बसला, प्रथिनाने आकार बदलला."

"आता मला बाहेर काढ."

"काम झालं की प्रथिन आपोआप उघडतं, सर. सेकंदाला शेकडो वेळा."

"मग उघडत का नाही?"

"ओढावं लागेल," कौतिक म्हणाला. तो सरांच्या बगलेखालचा गूळ खात होता.

पण सर हाडाचे परीक्षक. आतूनच त्यांनी विचारलं, "आकार रेणू बसल्यावर बदलतो, की प्रथिन आधीच थोडं वाकत असतं?"

मी आबांकडे पाहिलं.

"आधीपासूनच वाके ती," आबा म्हणाले. "बठनारा बठना म्हंजे पुरी वाके."

"दोन्ही बरोबर," सर आतून म्हणाले. "पास. आता ओढा."

आम्ही ओढलं. विभागप्रमुख इतके खूश झाले की सर बाहेर येण्याआधीच त्यांनी खाटेच्या पायावर पांढऱ्या रंगाने कॉलेजचा क्रमांक घातला. सरकारी उपकरण बाहेर नेता येत नाही, म्हणाले. आबा त्या दिवसापासून ओसरीत जमिनीवर डुलतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

तरी मा. प्राचार्यांना सविनय विनंती की, सदर प्रथिन रोज सूर्यास्तानंतर अर्जदाराच्या आजोबांस झोपण्यासाठी मिळावे. ते नियमात बसत नसल्यास अर्जदाराच्या आजोबांची साखरेचा रेणू या पदावर नेमणूक करून त्यांना प्रथिनात कायम करावे, ही विनंती.