कुमुदने न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे आणि माझा शेवट वाईट आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

१९७४ साली सोलापुरात माझा जन्म झाला. मला काढले वीरभद्रप्पांनी. ते चादरीच्या कारखान्यात नक्षीकार होते. चादरीवर विणायचे मोर आणि वेली ते आधी चौकटींच्या कागदावर काढून देत. एकदा मोराच्या जागी त्यांनी एक मुलगी काढली. पुढच्या चौकटीत ती चालू लागली. तिचे नाव त्यांनी कुमुद ठेवले. कुमुदला नर्स व्हायचे होते आणि सायकल दुरुस्त करणारा माधव तिला आवडत होता.

वर्षभर खपून वीरभद्रप्पांनी चाळीस पाने काढली. कुमुदच्या कपाळावरची बट जमेना म्हणून एक पान तर सहा वेळा काढले. चाळिसाव्या पानावर तळ्याकाठी कुमुद माधवला म्हणते, "मला तुम्हाला एक विचारायचे आहे."

मग प्रकाशकांची घाई सुरू झाली. लग्नसराईच्या आत पुस्तक दुकानात हवे होते. "शेवटी लग्न लावून द्या," ते म्हणाले, "लोकांना तेच लागतं." वीरभद्रप्पांनी उरलेली चोवीस पाने आठ दिवसांत उरकली. एक्केचाळिसाव्या पानावर एकदम अक्षताच पडू लागल्या. पुढे जेवणावळ, वरात, पाहुणे. कुमुद पुन्हा तोंड म्हणून उघडत नाही. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत छापले, 'कुमुदचा प्रश्न'. मी छापून हाती आले तेव्हा वीरभद्रप्पांनी चाळिसावे पान उघडून पाहिले. पुढचे उलटले नाही.

मला विकत घेतले विजयमालाने. ती त्याच वर्षी मॅट्रिक झाली होती. दुपारी तिची आई रंभाबाई आणि शेजारच्या चांदबी ओसरीवर बसून चादरींच्या कडेच्या सुट्या दशांना पीळ घालत, आणि विजयमाला त्यांना माझी पाने मोठ्याने वाचून दाखवी. चांदबींना वाचता येत नव्हते. त्या दर पानाला म्हणायच्या, "चित्र दाव की." चार दुपारी माझे फार कौतुक झाले.

पाचव्या दुपारी एक्केचाळिसावे पान आले.

"पान चिकटलं काय गं?" चांदबी म्हणाल्या. "बघ की नीट."

विजयमालाने पानांचे आकडे पाहिले. एकही पान कमी नव्हते.

"मग तिला काय इचारायचं हुतं?"

"लिहिलंच न्हाय," विजयमाला म्हणाली आणि मला कोनाड्यात भिरकावून दिले.

"पुस्तक हाय ते," रंभाबाई म्हणाल्या. "किती मनावर घ्यायचं?"

मी कोनाड्यात उताणी पडून होते. मित्रांनो, फाटलेल्या पानाला खळ लावता येते. न लिहिलेल्या पानाला काय लावणार?

पुढच्याच आठवड्यात सांगोल्याहून पाहुणे विजयमालाला पाहायला आले. मुलगा जोतीराम, सोबत त्याचे मामा महिपती. पोहे झाले, नाव-गाव विचारून झाले. उठता उठता मामा रीतीप्रमाणे म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार." अशा वेळी मुलीने नुसती नकारार्थी मान हलवायची असते.

"इचारायचं हाय," विजयमाला म्हणाली. तिचे वडील रामहरी दाराशी उभे होते, ते एकदम वळले. "मला शिक्षिका व्हायचंय. डी.एड.ला दोन वर्षं लागतील. तुमी थांबाल का?"

मामा हसले. "आमच्यात काय कमी हाय म्हणून मास्तरीण व्हायचं?"

"मी यांना इचारलं."

जोतीरामने मामांकडे पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते, एवढेच. तो म्हणाला, "मामा म्हणतील तसं."

स्थळ मोडले. रामहरी चार दिवस लेकीशी बोलले नाहीत. विजयमाला चांदबींच्या घरी जाऊन रडली, कारण जोतीराम तिला आवडला होता. तिने हे दुसऱ्या कोणाला सांगितले नाही.

पाचव्या दिवशी रामहरी जेवायला बसले होते. रंभाबाई भाकरी वाढता वाढता लेकीला म्हणाल्या, "त्यो डी.एड.चा फारम कवा भरायचा असतोय?"

रामहरींनी ते ऐकले. ते भाकरी मोडत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

विजयमाला करकंबच्या शाळेत शिक्षिका झाली आणि मला बरोबर घेऊन गेली. माझे मुखपृष्ठ केव्हाच निघून गेले होते. कधीकधी शेवटच्या तासाला ती मुलींना चाळिसाव्या पानापर्यंत वाचून दाखवते आणि मला मिटते.

"आता तुम्ही सांगा. काय विचारायचं असेल तिला?"

एखादी म्हणते, "वर्सातनं किती दिस म्हायेरी धाडशीला?" दुसरी म्हणते, "दारू पिता का?" एकदा वर्षभर गप्प बसलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मला सायकल शिकवाल का?" विजयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू घाईने उरकू नका, मग ती चादर असो की गोष्ट. आणि जी गोष्ट तुम्हाला अर्ध्यात सोडून जाते, तिला मुकाट्याने मिटू नका. तिला विचारा, पुढचे कुठे आहे म्हणून. मला ज्यांनी ज्यांनी हे विचारले, त्यांच्यामुळेच मी अजून रद्दीत गेलेली नाही. माझी पहिली चाळीस पाने आता बोटे लागून लागून धुतलेल्या सुती कापडासारखी मऊ झाली आहेत. शेवटची चोवीस अजून करकरीत आहेत.