कमिटी येईस्तोवर

आमच्या दारातल्या संडासाला गुलाबी रंग दिला व्हता आन वर पितळंचं कुलूप. किल्ली आमच्या मालकांच्या कमरंच्या करगोट्याला. घराला कवा कडी लावली न्हाई आमी, आन संडासाला कुलूप! मी इचारलं, "आवो, त्यातनं चोर काय न्यायचाय?" तर म्हनले, "कमिटी येईस्तोवर भांडं झळकलं पायजे. एकदा वापरलं की पिवळं पडतंय."

ही दोन हजार चारच्या थंडीतली गोष्ट. आमचं गाव आळेफाट्याच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. सरकारनं गावोगाव स्वच्छतेची स्पर्धा लावली व्हती. ज्या गावात कोनी उघड्यावर बसत न्हाई त्या गावाला बक्षीस, आन ते तपासायला कमिटी येनार. आमचे मालक, सावळाराम, गावच्या स्वच्छता समितीचे अध्यक्ष. मानूस वाईट न्हाई बरं का, पन डोक्यात एक घुसलं की घुसलं. अनुदान आलं, घरोघर संडास उभं राहिलं, आन ह्यांनी माईकवरनं गावाला बजावलं की कमिटी बघून जाईपत्तूर कोनी वापरायचा न्हाई. लोकांनी लगीच ऐकलं, घरोघर कुलपं लागली. तसंबी त्या खोपटात बसायची हौस कुनाला व्हती?

आन दुसरीकडनं पथक काढलं. गुड मॉर्निंग पथक म्हनं. पाटंच्या अंधारात हे, ह्यांचा दोस्त हौशीराम आन आनखी दोघं, हातात बॅटऱ्या, गळ्यात शिट्ट्या. रस्त्याच्या कडंला कोनी बसलेलं दिसलं की फुर्रर्र. मग त्या बाईचं नाव चावडीवर पुकारायचं. आता तुमीच सांगा, घरी कुलूप आन रस्त्याला शिट्टी, बायकांनी जायचं कुठं? आमचे मालक सवता पथक सुटल्यावर गुपचूप ओढ्याला जायचे, मला काय कळत नव्हतं व्हय! बायका उसात जायला लागल्या.

आन उसात वाघ व्हता.

पेपरवाले बिबट्या म्हनतात, आमी वाघच म्हनतो. पयल्यांदा त्यानं हौशीरामाचं वासरू नेलं, मग कुत्री एकेक करून गायब झाली. मग पलीकडच्या वाडीतली पोर नेली. घराच्या मागं परसाकडं बसली व्हती, एवढंच. मी तिच्या मातीला गेले व्हते. तिच्या आयशीनं पोरीचं टमरेल उराशी धरलं व्हतं आन ते कोनाला घेऊ देत नव्हती. त्या दिवसापासनं मला जेवन गोड लागलं न्हाई.

फारेस्टवाले जीप घेऊन आले, पिंजरा लावला, चावडीपुढं सगळ्यांना गोळा करून सांगितलं. अंधारात जाऊ नका. गेलात तर मिळून जा, बॅटरी घ्या, मोठ्यानं बोला, डबं वाजवा. त्याच्याकडं पाठ करू नका. आन उसाजवळ खाली बसू नका, बसलेलं मानूस त्याला शेरडाएवढं दिसतंय, उभं राहिलं की तो बिचकतो. आमची शेजारीन द्रौपदा लई तोंडाळ. ती म्हनली, "साहेब, उभ्यानं कसं व्हायचं तेवढं दाखवून जावा." सगळं गाव हसलं. मला हसू आलं न्हाई. वाघापासनं वाचायचं तर उजेड पायजे, आवाज पायजे. पथकापासनं वाचायचं तर अंधार पायजे आन गप बसाया पायजे. ह्यातलं कुठलं करायचं, ते ना फारेस्टवाल्यांनी सांगितलं ना समितीनं.

माझा सगळा जीव अडकला व्हता वृषालीत. वृषाली म्हंजी आमची सून. लेक सूरज आळेफाट्याला गॅरेजमदी कामाला, आठवड्यातनं एकदा घरी येनार. पोरगी पोटुशी, सातव्या महिन्यात. तिचं माहेर पेठचं, रोडवरचं गाव, तिच्या बापाच्या घरात संडास व्हता. हितं येऊन ती उसात जायला लागली, पन एक शबूद बोलली न्हाई. पोटावर भार आला की बाईला कळ काढवत न्हाई, हे पुरुषाला कोन सांगनार? तिनं पानी प्यायचं सोडलं. रातच्याला जेवन न्हाई. पाय सुजून टम्म झालं. दवाखान्यातली सिस्टर आली ती मलाच वरडली, "हिला पाणी का देत नाही?" मी काय सांगू, आमच्या घरात वाघ शिरलाय म्हनून?

मालकांना मी सांगितलं, "किल्ली द्या. पोर पोटुशी हाय."

"मंगळवारी कमिटी येतीय. तेवढी कळ काढा."

मंगळवार आला, कमिटी दुसऱ्याच गावाला गेली. पुढची तारीख आली. मी पुन्यांदा तोंड उघडलं तर म्हनले, "अध्यक्षाच्याच घरचं भांडं खराब दिसलं तर मी गावाला काय तोंड दाखवू?" मी भांडले, पातेली आपटली, एक दिवस तर दगड घेऊन कुलपापशी गेले. वृषालीनंच माझा हात धरला. "नको आत्याबाई. मामंजींचा अपमान हुईल." लगीन होऊन दोन वरसं झाली, पन ती कवा मामंजींसमोर मान वर करून उभी राहिली न्हाई, बोलायची तर बातच सोडा. ते वसरीवर आले की ही चुलीमागं. आमच्याकडं तशीच रीत हाय. मीबी तशीच वागले व्हते माझ्या सासऱ्यापुढं, म्हनून मी दगड खाली टाकला.

मग कारखान्याची ऊसतोड आली. आजूबाजूचा ऊस तुटला, रान मोकळं झालं आन मधी आमचाच एक तुकडा उभा राहिला. हौशीराम म्हनला, "वहिनी, आता त्याला लपायला तुमचाच ऊस राहिला." चेष्टेत म्हनला मेला.

त्या दिवशी पाटं धुकं व्हतं. मी, द्रौपदा आन वृषाली, तिघी बांधापत्तूर गेलो. बॅटरी न्यायची चोरी. मी एका हातात टमरेल आन एका हातात वृषालीचा हात धरलेला. तिचा हात गार पडला व्हता. मी म्हनलं, "बाई, हितंच बांधाच्या कडंला बस, आत जायाचं न्हाई." ती टेकती ना टेकती तोच शिट्टी वाजली.

लई जवळ वाजली. द्रौपदा पळाली घराकडं. मी वृषालीला म्हनलं, पळू नको, पन तिनं ती शिट्टी वळखली व्हती. "मामंजी!" एवढंच म्हनली आन पोट धरून सरळ उसात घुसली. माझ्या हातात तिचा पदर आला व्हता, तोबी सुटला. आता तुमाला खोटं वाटंल, पन त्या पोरीला वाघाचं भ्या कमी आन सासऱ्याच्या बॅटरीचं जास्त व्हतं.

मी तिच्या मागनं आत शिरले. उसाची पानं तोंडावर सपासपा लागत व्हती. जरा आत गेले आन थांबले. समदं गप झालं व्हतं. रातकिडा सुदिक वरडत नव्हता. आन वास आला. भिजलेल्या कुत्र्यासारखा, पन लई उग्र. मानूस उसाच्या वाळल्या पाचटावरनं चालला की कडकड आवाज व्हतो. ह्यो आवाज तसा नव्हता. कायतरी पाचटावरनं हळूच सरकत व्हतं, थांबत व्हतं, पुन्यांदा सरकत व्हतं.

बांधावरनं मालक वरडले, "कोन हाय आत? बाहेर निघा! नाव सांगा!"

बोलावं तर आख्ख्या गावात बभ्रा, अध्यक्षाची सून उसात सापडली म्हनून. न बोलावं तर पोर जातीय, पोटातल्या जिवासकट जातीय. खरं सांगते, एवढी मी जन्मात कवा भ्याले न्हाई. मग मनात म्हनलं, खड्ड्यात गेली ती अब्रू, आन जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात हाय. "आवो, वृषाली हाय आत! आन वाघ हाय!"

शिट्टी तोंडातच राहिली. बॅटरी आत फिरली. आधी वृषाली दिसली, उसाच्या बुडाशी मुरकुटी मारून बसलेली. तिनं डोईवरनं नाकापत्तूर पदर वढला व्हता. पदर, बाई! समोर वाघ आन पोरगी सासऱ्यापुढं पदर घेऊन बसलेली. मग बॅटरी जरा पलीकडं सरकली आन दोन डोळं चमकले. खाली, जमिनीसरशी. तिच्यापासनं एका सरीवर.

"पोरी, उभी राहा!" मालक वरडले. त्यांचा आवाज मला वळखंना, इतका चिरका झाला व्हता. "उभी राहा म्हनतो ना! बसू नको!"

ती हलंना. मला तिचं कळत व्हतं. लुगडं सावरलेलं न्हाई, हातात टमरेल, आन बांधावर सासरा आन गावची गडीमानसं बॅटरी लावून उभी. कशी उठंल ती? मला वाटत व्हतं जाऊन तिला वढावं, पन माझं पाय जमिनीत रुतलं व्हतं. ते डोळं जरासं पुढं सरकलं. मी म्हनलं, गेली. माझी पोर गेली.

तवा मालकांनी बॅटरी बांधावर ठेवली. उजेड त्या डोळ्यांवर राहील अशी ठेवली, आन उसाकडं पाठ केली. वाघाकडं पाठ करू नका म्हनून फारेस्टवाल्यांचा कागद ह्यांनीच माईकवरनं वाचून दाखवला व्हता, तेच पाठ करून उभं राहिलं. म्हनले, "हौशीराम, तोंड फिरव. सगळ्यांनी फिरवा." आन मग हळू, कसं, लहान लेकराशी बोलावं तसं, "मी पाठ केलीय, पोरी. कोनी बघत न्हाई तुला. ऊठ आता. ऊठ माझी बाय."

मागं वाघ व्हता. पन वळले न्हाईत.

वृषाली उठली. उसाला धरून, एक हात पोटाखाली लावून, हळूहळू उभी राहिली. तिला उभी बघितल्यावर कुठं माझ्या अंगात बळ आलं. मी टमरेल दगडावर बदाबदा आपटलं, तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या त्या वाघाला. डोळं विझलं. पाचट सरसर वाजलं, लांब गेलं, ऐकू यायचं थांबलं. मी तिला पोटाशी धरून बाहेर आनली. मालकांच्या बाजूनं गेलो तरी ते तसंच पाठ करून उभं. "झालं का?" म्हनले. "झालं," मी म्हनलं. मग ते मटकन खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी आधी किल्लीला हात घातला. पन बोटं अशी कापत व्हती की करगोट्याची गाठ सुटंना. म्या विळा आनला आन करगोटाच कापला. गडीमानसाचा करगोटा कापू न्हाई म्हनतात, पन त्यांनी सवताच तो तानून धरला. कुलूप उघडलं. वृषाली आत गेली, आन लगीच बाहेर आली. आत अंधार, दार लावलं की तिचा जीव घाबरायचा, त्यो वाघाचा वास येतोय म्हनायची. मग मी दाराशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पाटं उठून बघते तर मालक अंगनात पोतं टाकून बसलेलं, संडासाकडं पाठ करून, आन मधूनमधून खाकरत व्हते. कोनीतरी हाय एवढं तिला कळावं म्हनून. पथकाला त्यांनी सुट्टी दिली व्हती आन घरोघरची कुलपं काढायला लावली व्हती. शिट्टी वृषालीला दिली. "भ्या वाटलं तर वाजीव," म्हनले, तेबी तिच्याकडं न बघता.

आन त्याच आठवड्यात, न सांगता, कमिटी आली.

जीप थेट आमच्या दारात. चार साहेब, एक बाई, हातात कागद. एक साहेब तरातरा गुलाबी दाराशी गेले आन दार वढलं. उघडंना. म्हनले, "अध्यक्ष, किल्ली कुठंय?"

"किल्ली न्हाई," मालक म्हनले. "आत मानूस हाय."

"मग थांबतो आम्ही."

सगळे त्या दाराकडं बघत उभं. आत वृषाली, तिला बाहेरचे आवाज कळले असनार. कडीचा जरा आवाज झाला आन थांबला. मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं. कमिटीसाठी त्या मानसानं इतकं दिवस काय काय केलं व्हतं! पुढं झाले, हात जोडले आन म्हनले, "साहेब, एवढी किरपा करा. जरा पाठ करा. सून लाजती आमची."

साहेबांनी एकमेकांकडं बघितलं, आन फिरले. बाईबी फिरली. मालक तर आधीच फिरले व्हते. कडी निघाली. वृषाली बाहेर आली, एका हातात बादली, गळ्यात शिट्टी, आन ह्या वक्ताला सावकाश चालत घरात गेली.

बक्षिसाचं काय झालं ते इचारू नका, ते दुसऱ्याच गावाला गेलं. वाघ काय घावला न्हाई. त्या दिवशी अंगनात सगळे पाठ करून उभं असताना मी एकटी तेवढी संडासापल्याडच्या आमच्या उभ्या उसाकडं तोंड करून उभी व्हते.