स्वल्प तीर्थ

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीने बसली होती आणि निम्म्यांचे हात थरथरत होते. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. मंचावर कंपहर महाराज. नाव ऐकूनच मला किळस आली.

"मेंदूत तार घालून घेणार? ऑपरेशननंतरचं तुमचं आयुष्य मला आजच दिसतं! तीर्थाने ज्याचा हात थांबेल, त्याला ऑपरेशन नको. नाही थांबला, तर खुशाल करून घ्या!"

माझे शेजारी सूर्यकांतअण्णा यांचं ऑपरेशन गुरुवारी होतं. तीस वर्षं लेथ चालवलेल्या या माणसाला शर्टाचं बटणही लावता येत नव्हतं. महाराजांची अट होती, आदल्या संध्याकाळपासून कंपवाताची रोजची गोळी बंद, दूध-डाळ वर्ज्य. अण्णा इतके ताठरले होते की मी आणि त्यांच्या पत्नी यल्लव्वाअक्का, आम्ही त्यांना उचलूनच आणलं.

"स्वल्प घ्या, स्वल्पच," शिष्य तीर्थाची वाटी देत म्हणाला.

"आनि स्वल्प घाल की रे, लई जुना आजार हाय," म्हणत अक्कांनी दुसरी वाटीही अण्णांना पाजली.

पाऊण तास भजन झालं. अण्णांचा हात थांबला, ते चालूही लागले. टाळ्या! पण लगेच मान, खांदे, कंबर, सगळंच वळवळू लागलं. "अंगात आलं!" म्हणत लोक त्यांच्या पाया पडू लागले. अक्का रडत म्हणाल्या, "बेडा, नको ते ऑपरेशन. रद्द करा."

मी चडफडत मंचामागे गेलो. तिथे खलबत्ता होता, भुकटी होती आणि रिकाम्या पाकिटांचा ढीग. त्यांवर अण्णांच्या रोजच्या गोळीचंच नाव! एक पाकीट उचललं आणि दोघांना रिक्षाने थेट अण्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर नीलिमांकडे नेलं.

"अंगात नाही आलं, डोस जास्त झालाय. उतरेल," पाकीट पाहून त्या म्हणाल्या. "आधी गोळी बंद करून माणसाला आखडवायचं, म्हणजे चमत्कार मोठा दिसतो. दूध-डाळ टाळली की गोळी लवकर लागू पडते."

"पन हात थांबला न्हवं? मग ऑपरेशन कशाला?"

"उलट, अक्का. हीच परीक्षा आम्हीही घेतो. गोळीने ज्याचं अंग मोकळं होतं, त्यालाच ऑपरेशनचा फायदा व्हायची शक्यता जास्त. अण्णांना बटण लावता येईल असं वाटतं. बोलणं सुधारेलच असं नाही. पुढचं आयुष्य नेमकं कसं जाईल, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही."

म्हणजे ज्यांना ऑपरेशनने बरं वाटू शकलं असतं, नेमक्या त्यांनाच हा नीच माणूस घरी धाडत होता.

अक्कांनी डोळे पुसले. "सरी, ठीक हाय. गुरुवारीच करा. पन तिथं बसलेल्यांना कोन सांगनार?"

अण्णांना डॉक्टरांकडे ठेवून आम्ही परत गेलो. लोक फोन लावून ऑपरेशनच्या तारखा रद्द करत होते. अक्का तडक मंचावर चढल्या आणि पाकीट उंच धरून ओरडल्या, "बाबांनो, फोन ठेवा! ह्यो देव न्हाई, आपल्याच घरातली गोळी हाय. पाया पडायच्या आधी इचारत जावा!"