तुटकीसाठी बावटा नाही

दुर्बीणमावशींनी पिशवीतून मोसंबं काढलं, सोलायला घेतलं आणि पहिलं साल निघता निघताच हात थांबवून ते तसंच परत पिशवीत टाकलं.

"अहो मावशी, द्या इकडे," दवाखान्याच्या पलंगावरून बाई म्हणाल्या. "पायाला चावलाय मला. हात शाबूत आहेत."

मावशींनी मोसंबं पुन्हा काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंचा डावा पाय दोन उशांवर ठेवलेला होता, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाई लग्नाआधीपासून रोज सकाळी समुद्रात पोहत आलेल्या. परवा सकाळी मोठ्या पांढऱ्या शार्कनं त्यांची पोटरी धरली आणि सोडली. धरली तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालं.

किनाऱ्यावरच्या टेकडीवर लाकडी खोपटात बसून दुर्बिणीतून पाण्यावर नजर ठेवायची, हे मावशींचं काम. त्यावरूनच गावानं त्यांना नाव ठेवलं होतं. शार्क दिसला की पांढरा बावटा चढवायचा, म्हणजे पोहणारे बाहेर येतात. पाणी मोकळं असलं की हिरवा. परवा हिरवा होता.

"मासेमारी खात्याचा साहेब येतोय ना अकराला?" मावशींनी विचारलं.

"येतोय. माझा जबाब घेणार आणि दुपारी होडी सोडणार. पाणी मोकळं असताना मासा येऊन चावला, म्हणजे तो माणसाच्या मागावर आहे, असं त्यांच्या नियमात आहे म्हणे. मोठे गळ लावणार आहेत. जो लागेल तो."

मावशींनी पदराच्या टोकाला उगाचच घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पाणी मोकळं नव्हतं गं. तू उतरायच्या आधी मला तो दिसला होता."

बाईंचा साल काढणारा अंगठा थांबला.

मग मावशी बोलत राहिल्या. खोपटात त्या पहिल्यांदा बसल्या ते दिवस. कुठं सावली हलली तरी बावटा चढायचा, भोंगा वाजायचा, बायामाणसं टॉवेल सावरत धावत सुटायची, एकजण तर एकच चप्पल घालून घरी गेला होता. त्या वर्षांत एक शार्क ठरलेल्या वेळी यायची. पाठीवरच्या पराचा मागून लचका गेलेला, म्हणून मावशींनी तिचं नाव तुटकी ठेवलं. यायची, पोहणाऱ्यांच्या पलीकडून सरळ निघून जायची, बाजाराला निघालेली बाई दुसऱ्याच्या अंगणात डोकावत नाही तशी. लोक कुरकुरायला लागले. मावशींना लाटेलाही दात दिसतात, अशी थट्टा सुरू झाली. मावशींना ते लागलं. मग हळूहळू तुटकीसाठी बावटा चढवायचा राहून गेला. बाकीच्यांसाठी चढवायचा, तिच्यासाठी नाही. ती घरचीच.

"परवाही म्हटलं, आली आपली तुटकी. जाईल."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"चहा पीत होते."

बाईंनी मोसंबं चादरीवर ठेवलं.

"माझा पाय आहे तो, मावशी."

"हो."

"डॉक्टर म्हणतात, चालेन. लंगडत का कसं, ते आत्ता सांगता येत नाही म्हणतात."

मावशींनी मान हलवली. सबबी त्यांनी रात्रभर जुळवल्या होत्या, म्हातारपण, उन्हाची तिरीप, सगळ्या. त्यातली एकही तोंडातून बाहेर आली नाही.

"तुटकीला तरी मारू देऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. "त्यांना हात नसतात गं. हे काय आहे, ते तोंडानंच बघतात. तू तिच्या खाण्यातली असतीस तर तिनं तुला सोडलं नसतं. चूक माझी आहे, तिची नाही."

"लचका कुठे गेलाय म्हणालात?"

"पाठीवरच्या पराचा. मागची कड. माझी मूठ जाईल एवढा."

बाईंनी स्वतःचा उजवा तळवा उलटा करून पाहिला. तो सगळा खरचटलेला होता.

"पाय सोडून तो वळला ना, तेव्हा मी त्याला ढकललं. हात पाठीवरनं घसरत परावरनं गेला, पुढनं वर आणि मागनं खाली. पाटीची कड असते तशी सलग होती मावशी. ती तुटकी नव्हती."

"नीट आठव."

"दुसरं आठवतंय काय मला दोन दिवस?"

मावशी खुर्चीत मागे टेकल्या. टेकडीवरून पर म्हणजे पाण्यावर एक काळी रेघ. वाट तुटकीची, वेळ तुटकीची, म्हणून तुटकी. लचका शेवटचा कधी दिसला होता? गेल्या वर्षी? त्याच्या आधी?

"कधी कधी एकाच सकाळी दोनदा दिसायची," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हणायचे, फेरी मारून आली."

बाईंच्या तोंडून हसू फुटलं, आणि पायातून कळ गेली तशी त्यांनी उशी घट्ट धरली.

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या शेजारून कोण कोण जात होतं, देव जाणे! आणि मी तिथे उताणी पडून वहीतल्या चुका आठवत असायचे."

दारावर टकटक झाली. साहेब आत आला, हातात कागद लावलेली पाटी, वयानं बाईंच्या विद्यार्थ्यांएवढाच. मावशींना पाहून त्याला बरं वाटलं.

"मावशी, बरं झालं भेटलात. मासा ओळखीचा होता का? काही खूण सांगा, म्हणजे होडीवाल्यांना सोपं."

"लिहून घे," मावशी म्हणाल्या. "मासा आधी दिसला होता. बावटा मी चढवला नाही. आणि परवाच नाही, कितीतरी वर्षं चढवत नव्हते."

साहेबाचं पेन वरच राहिलं. "मावशी, हे लिहिलं तर गळ लावता येणार नाहीत. आणि तुम्हाला टेकडीवर बसता येणार नाही."

"माहीत आहे."

"म्हणजे शार्क धोकादायक नाही, असं तुमचं म्हणणं?"

"आहे की. म्हणून तर मला वर बसवलं होतं."

साहेबानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनासाठी हात पुढे केला, मावशींच्या जबाबाखाली स्वतःची सही केली आणि पाटी परत दिली. खोपटाची किल्ली मावशींनी आपणहूनच काढून त्याच्या हातात ठेवली. ती घेताना तो ओशाळला, आणि निघताना दार अगदी हलक्या हातानं ओढून गेला.

खोलीत मोसंब्याचा वास पसरला होता. बाईंनी फोडी सुट्या केल्या आणि निम्म्या मावशींपुढे धरल्या.

"तुम्ही कधी उतरलात हो पाण्यात?"

"मी? छे! मला पोहता कुठं येतं."

"इतकी वर्षं नुसतं बघत होतात?"

"कामच ते होतं."

बाईंनी एक फोड तोंडात टाकली, बी तळहातावर काढली.

"माझे टाके निघू देत. मग कमरेपर्यंत तरी या माझ्याबरोबर. आता तुम्हाला सकाळी काय काम आहे?"

"अगं, आणि टेकडीवर नवीन माणूस असेल ना," मावशी म्हणाल्या. "तो सारखा पांढराच चढवेल."

"चढवला की येऊ बाहेर," बाई म्हणाल्या. "मी लंगडत, तुम्ही पदर पिळत."

मावशींनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.