अक्कांना पाठ असलेला नंबर

मी एक जुना टेलिफोन आहे. माणसाला माणसाशी जोडणं हे माझं जीवनकार्य, आणि ते मी एकाच घरात आयुष्यभर निष्ठेने केलं. सध्या पंख्याच्या वाऱ्याने रद्दी उडू नये म्हणून मला तिच्यावर बसवतात. माझी तार अजून जोडलेली आहे, त्यामुळे मला निवृत्तही म्हणता येत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. राखाडी अंग, चौकोनी बटणं आणि पोटात खरीखुरी घंटा. तपासणी खात्यातला माणूस प्रत्येक फोन टेबलावरून खाली टाकायचा आणि मग उचलून कानाला लावायचा. माझ्या शेजारचे दोघे तिथेच संपले. मी वाजलो, म्हणून या घरात आलो.

इथे माझा थाट होता. बैठकीच्या खोलीत वेगळं टेबल, अंगावर विणलेला रुमाल. शेजारीपाजारी माझ्याकडे यायचे, दारात चपला काढून. घरच्या आजी मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या, कानाच्या भोकांतली धूळ टाचणीने काढायच्या. मला वेगळी वीज लागत नसे. जेवढी लागायची तेवढी टेलिफोनच्या तारेतूनच यायची. दिवे गेले की फ्रिज, पंखा, टीव्ही सगळे मान टाकायचे आणि मी तेवढा बोलत राहायचो. अंधारात मी जरा जास्तच जोरात वाजायचो, असं आजी म्हणत. का वाजू नये?

दुपारी चहाच्या वेळेला अक्कांचा फोन यायचा. अक्का म्हणजे आजींची थोरली बहीण, दुसऱ्या शहरात वृद्धाश्रमात राहणारी. अक्कांची स्मरणशक्ती हळूहळू गळत चालली होती. आज जेवले की नाही हे आठवायचं नाही, कधी स्वतःच्या नवऱ्याचं नावसुद्धा नाही. पण आमचा नंबर पक्का. आश्रमाच्या व्हरांड्यातल्या फोनवर त्यांचं बोट आपोआप चालायचं.

"चिमणे, गोळी घेतलीस का?"

"घेतली गं अक्का."

"खोटं बोलतेस. आधी घे. मी थांबते."

आजी खरंच खोटं बोलत असायच्या. मग मला बाजूला ठेवून उठायच्या, रक्तदाबाची गोळी घ्यायच्या आणि परत येऊन उरलेला ओरडा खायच्या. आजींची गोळी आणि अक्कांची शुद्ध, दोन्ही मी सांभाळत होतो. याबद्दल मला कोणी शाल दिली नाही. मी मागितलीही नव्हती.

मग एके दिवशी घरचे चिरंजीव एक डबी घेऊन आले. काडेपेटीहून थोडी मोठी, निळा दिवा लुकलुकणारी.

"आई, फोनचं बिल बंद. आता इंटरनेटवरून फोन. आयुष्यभर फुकट."

"कुणाच्या आयुष्यभर?" आजींनी विचारलं.

"तू म्हणजे ना. फोन हाच राहणार, फक्त तार या डबीत जाणार."

"आणि नंबर?"

"नंबर नवीन मिळेल. जुना इकडे आणायचा तर वेगळे पैसे मागतात. मग फुकट कसलं?"

"अक्काला नवा पाठ व्हायचा नाही रे."

"मी आश्रमात कळवतो. ते लिहून चिकटवतील. तू कशाला काळजी करतेस?"

त्यांनी कळवलं. आश्रमवाल्यांनी कागद चिकटवला. पण अक्का नंबर वाचून फिरवत नव्हत्याच. त्यांचं बोट फिरवत होतं, आणि बोटाला कागद वाचता येत नाही. एवढी साधी गोष्ट या घरातल्या कुठल्याही पदवीधराच्या डोक्यात आली नाही.

डबीच्या अटी संगणकाच्या पडद्यावर उमटल्या तेव्हा मी तिथेच होतो. सूनबाई वाचत होत्या. "अहो, यात लिहिलंय, आणीबाणीच्या वेळी या सेवेवर अवलंबून राहू नये."

"ते सगळेच लिहितात," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी 'मान्य' दाबलं.

मित्रांनो, माझा संताप समजून घ्या. घरात आग लागली, कोणी जिन्यावरून पडलं, तर फोनवर अवलंबून राहू नका, असं फोनवालेच सांगतात. मग अवलंबून कधी राहायचं? नाटकाची तिकिटं काढताना?

पहिल्याच आठवड्यात चिरंजीव मेव्हण्याला फोनवरून डबीचं माहात्म्य सांगत होते. "अरे, वेड्यासारखे बिलं काय भरता? आमच्याकडे बघ," इथवर आले आणि वीज गेली. डबीचा निळा दिवा विझला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, काळोखात, मी मुका झालो. चिरंजीव बराच वेळ माझ्यात "हॅलो, हॅलो" करत होते. मेव्हण्याने नंतर विचारलं म्हणे, "काय बघू तुमच्याकडे?"

मला त्याचं काही नाही. अपमान मी पचवतो. पण दुपारचा फोन बंद झाला.

आजी चहा करून माझ्याशेजारी बसायच्या. चहावर साय धरायची. माझा कान उचलून आवाज येतो का बघायच्या, ठेवायच्या. "विसरली असेल," असं त्या सूनबाईंना म्हणायच्या आणि उठून आत जायच्या. गोळीची आठवण मग कोणालाच नसायची. चिरंजीवांना सांगितलं की म्हणायचे, "पुढच्या महिन्यात जाऊन येऊ." ते पुढचा महिनाही फुकटच वाटत होते.

शेवटी आजींनीच आश्रमात फोन लावला. कोणीतरी अक्कांना व्हरांड्यात आणलं.

इथे मला माझ्या तोंडाने सांगावं लागतंय की माझ्याकडून ते काम झालं नाही. माझ्यात गेलेला शब्द डबीत जायचा, तिथून कुठे कुठे हिंडून यायचा आणि उशिरा पोचायचा, तोही अर्धा गिळलेला.

"अक्का, मी चिमणी बोलतेय."

काहीच नाही. आजींनी पुन्हा "अक्का" म्हटलं, तेवढ्यात तिकडून पहिल्याचं उत्तर आलं, आणि दोघींचे शब्द एकमेकांवर आपटले.

"कोण बोलतंय?" अक्का म्हणाल्या.

"अगं मी, चिमणी."

पुन्हा तीच पोकळी. मग अक्कांचा आवाज, आश्रमातल्या कोणाला तरी उद्देशून. "ही चिमणी नाही. चिमणी अशी विचार करकरून बोलत नाही. आणि तिच्याशी कालच बोलले मी. रोज बोलते." आणि फोन ठेवला गेला.

आजींनी माझा कान खाली ठेवला. बहीण आपल्याला ओळखत नाही हे एक. पण ती रोज कुणाशी बोलते?

मग त्यांनी आपलाच जुना नंबर फिरवला. इतक्या वर्षांत तो या घरातून कोणी फिरवला नव्हता. आपल्याच घरी कोण फोन करतं?

"लाँड्री," पलीकडून एक दणदणीत बाई म्हणाली. मागे यंत्रं धडधडत होती.

"माफ करा, हा नंबर आधी आमचा होता."

"तुम्ही चिमणी का?"

"हो."

"सापडलात एकदाच्या. या आणि तुमचा ओरडा तुम्ही घेऊन जा. रोज ऐन कामाच्या वेळेला फोन. गोळी घेतली का? म्हटलं, बाई, मला कसली गोळी? तर म्हणतात, खोटं बोलतेस, आधी घे, मी थांबते. आणि खरंच थांबतात हो. इकडे गिऱ्हाईक उभं, तिकडे त्या."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? घेतली म्हणते."

मित्रांनो, सख्ख्या बहिणीचा आवाज अक्कांना पटला नाही. यंत्रांच्या धडधडाटातून ओरडणारी लाँड्रीवाली मात्र चिमणी म्हणून पटली, कारण तिचा आवाज साध्या तारेवरून सरळ जात होता. त्या दिवशी मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं. नाहीतर मी चिरंजीवांना या घराण्यात न वापरलेले शब्द ऐकवले असते.

चिरंजीवांनाही लागलं असावं. जुना नंबर परत मागायला ते टेलिफोन कचेरीत गेले. दुसऱ्याला दिला तो परत मिळत नाही, असं कळलं. डबीवाल्यांकडे तक्रार करायची तर त्यांच्या मदतकेंद्राला फोन नंबरच नाही. फोनच्या कंपनीला फोन नाही. पडद्यावर प्रश्न लिहायचा आणि इतर फुकट्यांनी उत्तर द्यायचं. एकाने दिलं: "आमच्याकडेही असंच होतं."

"आता काय करू सांग, आई," चिरंजीव म्हणाले.

आजी उठल्या. गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि चपला घातल्या.

लाँड्री मागच्या गल्लीत आहे. आजी आता रोज चहाच्या वेळेला तिथे जातात, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये स्टुलावर बसतात आणि फोन वाजला की उचलतात. बोलणं फार लांबलं की लाँड्रीवाली टेबलावर इस्त्री आपटते. पहिल्या दिवशी परत आल्यावर त्या माझ्यासमोरच सूनबाईंना सांगत होत्या, "अक्काने ओळखलं. पण म्हणाली, आज तुझा आवाज बसलाय का गं? कालपर्यंत खणखणीत होता." सांगताना हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

माझी विनंती एवढीच आहे, मित्रांनो. फुकट मिळालेली वस्तू जरूर घ्या. पण त्यासाठी जुनं काही तोडायचं असेल, तर आधी पलीकडच्या टोकाला कोण आहे ते बघून या. नंबर आपल्या घरात नसतो. तो कोणाच्या तरी बोटात असतो. आणि आमच्यासारख्यांना निदान पुसत जा. आजी आता लाँड्रीतला फोन पुसतात, असं ऐकतो.

गेल्या आठवड्यात डबीवाल्यांनी नवा नंबर काढून घेतला. बरेच दिवस वापर नाही, असं कारण पडद्यावर आलं होतं. घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.