शर्यत संपेपर्यंत

“एकच फळी काढ, आन्सेल्म. एवढंसं अंग माझं, सुळकन निघून जाईन.”

“अगं, गाडी येतेय! बिगूल ऐकू येत नाही का तुला?”

आन्सेल्म रोतिएने बायकोचा दंड घट्ट धरला. कुंपणाच्या फळ्या थरथरल्या, धूळ उडाली, वितळलेल्या डांबराचा वास नाकात भरला आणि गाडी दिसेनाशीही झाली. झेलीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. ती रस्त्यापलीकडच्या एका खिडकीकडे बघत होती. त्या खिडकीआड तिची आई शेवटच्या घटका मोजत होती.

गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेले. अलीकडे चर्च, दफनभूमी आणि यांचे घर; पलीकडे आईचे. एरवी झेली हाताची कणीक न धुताच आईकडे डोकावून येई. पण मोटारींची मोठी ग्राँ प्री शर्यत याच रस्त्याने न्यायचे ठरले आणि दोन्ही बाजूंना छातीइतक्या उंच फळ्या ठोकल्या गेल्या. दोन दिवस, शेवटची गाडी जाईपर्यंत कोणी रस्ता ओलांडायचा नाही, असा हुकूम होता.

हुकूम म्हटला की आन्सेल्मची मान आपोआप हले. तो गावचा पहारेकरी. ढोल बडवून दवंडी द्यावी, चोरून ससे मारणाऱ्यांना धरावे, भांडणारे दारुडे सोडवावेत, यातच त्याचे केस पिकले होते. सकाळीच घोड्यावरून आलेला साहेब बजावून गेला होता, “रोतिए, कोंबडी जरी रस्त्यावर दिसली, तरी तुझा बिल्ला माझ्या खिशात!”

पलीकडून शेजारीण ओदिल ओरडली, “झेली! अगं ये ना! म्हातारीने तुझ्या नावाचा धोशा लावलाय!”

“ऐकलंस?” झेली म्हणाली.

“ऐकलं. पुलावरून जा. शर्यतवाल्यांनी लाकडी पूल बांधलाय ना.”

“तीन कोस जायचं आणि तीन कोस यायचं? या उन्हात? तिच्याजवळ आहे तेवढा वेळ?”

आन्सेल्मने वळणाकडे पाहिले. रस्ता रिकामा होता. बराच वेळ रिकामाच राहिला. एवढ्यात ती दोनदा पलीकडे जाऊन आली असती, हे दोघांनाही कळत होते.

झेलीने पायातली लाकडी पादत्राणे काढून हातात घेतली आणि शेताच्या बांधावरून पळत सुटली.

दुपारी ओदिलने बाहेर येऊन त्या खिडकीची झडप ओढून घेतली, मग दुसरी. आन्सेल्म बघत राहिला. आई गेल्याचे त्याला कळले होते, आणि झेली अजून कुठेतरी उन्हात चालतच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्यत. उन्हाळा असा, की प्रेत ठेवण्याची सोय नव्हती. पाद्रीबाबांनी दुपारची वेळ ठरवली. तोवर रस्ता मोकळा होईल असा सगळ्यांचा हिशेब. पुलाच्या अरुंद पायऱ्यांवरून शवपेटी नेता येणार नव्हती. दुपार झाली, टळलीही. कोण जिंकले तेही गावात कळले. पण एक गाडी अजून मागे रखडली होती.

शवपेटी पलीकडच्या कुंपणामागे दोन खुर्च्यांवर टेकवलेली. शेजारी काळ्या कपड्यांत झेली. खांदेकऱ्यांपैकी फिर्मिन सुतार घाम पुसत ओरडला, “पहारेकरी, म्हातारीलाच शर्यतीत उतरवू का? त्या गाडीच्या आधी पोचेल बघ!”

कोणी हसले नाही. झेली आन्सेल्मकडे बघत होती. रागाने नाही, परक्या माणसाकडे बघावे तशी.

आन्सेल्मने पहार उचलली. आधी अलीकडच्या फळ्या उचकटल्या, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या.

“बिल्ला जाईल तुझा,” झेली हळूच म्हणाली.

“जाऊ दे. उचला रे!”

तो रस्त्याच्या मधोमध, वळणाकडे तोंड करून दोन्ही हात वर करून उभा राहिला. शवपेटी अर्ध्यावर आली आणि बिगूल वाजला. वळणावर गाडी दिसली. तो हलला नाही. चाके किंचाळली, गाडी तिरपी घसरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

“मरायचंय का, गाढवा?” काळ्याठिक्कर तोंडाचा चालक गरजला.

शेजारच्या मेकॅनिकच्या डोळ्यांना फडके बांधलेले होते. उडत्या डांबराने ते भाजले होते. “काय झालं? का थांबलो?” त्याने विचारले.

“सासूबाईंना नेतोय,” आन्सेल्म म्हणाला. “पुरायला.”

मेकॅनिकने चाचपडत टोपी काढली आणि मान खाली घातली. त्याचे तोंड नेमके उलट्या दिशेला, गव्हाच्या शेताकडे होते. त्याला कोणी वळवले नाही. चालकानेही मग चष्मा वर सरकवला.

झेली आन्सेल्मच्या अगदी जवळून गेली, पण थांबली नाही. गाडीही गेली.

रस्ता खुला झाल्याची वर्दी अजून आली नव्हती. आन्सेल्मने पलीकडच्या फळ्या पुन्हा ठोकल्या, मग अलीकडच्या. शेवटचा खिळा बसला तेव्हा त्याच्या लक्षात आले, की आपण रस्त्यावरच राहिलो आहोत. फळ्यांच्या फटीतून दफनभूमीकडे वळणारी माणसांची रांग दिसत होती. घंटा वाजू लागली. हातोडी हातात धरून, दोन कुंपणांच्या मधे, तो ती ऐकत उभा राहिला.