एकवीस मोदकांची राखण

लग्न होऊन रत्नागिरीला आले ती बी.ए.ची मानसशास्त्राची पुस्तकं घेऊनच, आणि त्यांचा सगळा भार आता माझ्या चार वर्षांच्या वेणूवर पडतो. तिचं लक्ष कशावर ठरत नाही, ही माझी नवी काळजी. म्हणून चतुर्थीला तिला नैवेद्याच्या एकवीस मोदकांपुढे बसवलं, "मी येईपर्यंत हात लावायचा नाही" असं बजावलं आणि ह्यांचं घड्याळ घेऊन दाराआड लपले.

वेणूने मोदकांकडे पाठ फिरवली आणि दहा मिनिटं भिंतीवरची पाल बघत बसली. माझ्या जिवाचं पाणी झालं. पोरीचं लक्ष मोदकांवरसुद्धा टिकेना!

"अगो, ताटाकडे बघत का नाहीस?" मी दाराआडून बाहेर येत विचारलं.

"बघितलं की खावासा वाटतो."

मला इतका आनंद झाला, की बक्षीस म्हणून एक मोदक मीच तिच्या तोंडात कोंबला.

"आई, बाप्पाचा ना?" ती भरल्या तोंडाने म्हणाली.

मागे सासूबाई उभ्या. "पोरीने राखलंन, नि शिकलेल्या आईने उष्टावलंन!"

पुन्हा उकड काढावी लागली. नव्या ताटापाशी सासूबाईंनी वेणूलाच बसवलं. "आईवर लक्ष ठेव हो."

नैवेद्य होईपर्यंत वेणूने माझ्यावरची नजर काढली नाही.